घरगुती प्रोजेक्टरची आटोपशीर पेटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या गणपतीत गच्चीवर हा घरी स्वतः जोडलेला प्रोजेक्टर लावला, तेव्हापासून प्रश्न येत आहेत. गंमत म्हणजे एलईडी कुठून घेतला हे फार थोडे जण विचारतात. बाकी सगळ्यांची गाडी पेटीपाशी अडते: आत सगळं जुळलं, चित्रही पडलं, आता हे भरायचं कशात? तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळं काही सांगितलेलं नसेल तिथे आकडे माझ्या जोडणीचे समजावेत: ५.५ इंची एलसीडी पॅनेल (चित्राचा भाग १२१ × ६८ मिलिमीटर), १०० वॉटचा पांढरा सीओबी एलईडी (एकाच पट्टीवर दाटीने बसवलेले अनेक बारीक एलईडी), दोन फ्रेनेल भिंगं (वर्तुळाकार खाचांची चपटी प्लास्टिकची भिंगं) आणि १८० मिलिमीटर नाभीय अंतराची प्रोजेक्शन लेन्स.

१. पेटीत नेमकं काय काय बसवायचं असतं?

ओळीने सांगतो. सगळ्यात मागे पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा), त्यावर एलईडी, एलईडीसमोर लहान जाड भिंग, मग मागचं फ्रेनेल, मग पॅनेल, मग पुढचं फ्रेनेल आणि शेवटी प्रोजेक्शन लेन्स. मागचं फ्रेनेल पसरणारा उजेड समांतर करतं, पुढचं तो गोळा करून लेन्सच्या तोंडात घालतं. यांशिवाय एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर, पंख्यांसाठी १२ व्होल्टचा पुरवठा आणि पॅनेलला चित्र पुरवणारं एचडीएमआयचं कंट्रोलर कार्ड. नवखे लोक प्रकाशाच्या वाटेची लांबी मोजतात आणि हे तीन डबे विसरतात. मग ते पेटीच्या पाठीवर दप्तरासारखे लटकवावे लागतात.

२. आधी पेटी बनवू की आधी आतले भाग जोडू?

आधी भाग, तेही उघड्या फळीवर. दोन-अडीच फूट लांबीची सरळ फळी घ्या, मधोमध पेन्सिलीने रेघ मारा आणि प्रत्येक भाग एल-अँगलवर उभा करून त्या रेघेवर सरकवत बसा. चित्र कोपऱ्यापर्यंत सारखं उजळ आणि रेखीव झालं की प्रत्येक अंतर मोजून भिंतीवर लिहून ठेवा. कागदावर नको, कागद हरवतो. पेटीचं माप या आकड्यांतून निघतं. मी पहिल्यांदा उलटं केलं. घरात एक सुबक लाकडी पेटी होती, तिच्यात सगळं बसवायचा हट्ट धरला आणि शेवटी लेन्स तीन सेंटिमीटर बाहेर आणि फोकस कायमचा भिंतीच्या मागे, अशी अवस्था झाली.

३. काका, तयार नकाशा द्या ना. लेझरवर कापून घेतो.

देत नाही, आणि त्यात कंजूषपणा नाही. तुमची लेन्स १८० ऐवजी २०० ची निघाली की माझ्या नकाशातली निम्मी भोकं चुकतात. प्र. ४ आणि ५ प्रमाणे स्वतःची अंतरं काढा, मोठ्या कागदावर पूर्ण मापात चित्र काढा, त्यावर खरे भाग ठेवून पाहा. मगच ट्रॉफी आणि ॲक्रिलिकचं काम करणाऱ्या दुकानात जा.

४. लेन्स आणि पॅनेलमधलं अंतर कसं काढायचं?

दहावीच्या विज्ञानातलं भिंगाचं सूत्रच इथे कामी येतं. आधी चित्र किती पट मोठं हवं ते काढा. ८० इंची चित्राची रुंदी साधारण १७७१ मिलिमीटर. तिला १२१ ने भागलं की १४.६ पट. आता:

पॅनेल ते लेन्स = नाभीय अंतर × (१ + १ ÷ पट)
लेन्स ते पडदा = नाभीय अंतर × (१ + पट)

म्हणजे १८० च्या लेन्सला पॅनेलपासून साधारण १९२ मिलिमीटरवर बसवायचं आणि पडदा २.८ मीटरवर. ६० इंची चित्रासाठी हेच आकडे १९६ मिलिमीटर आणि २.१६ मीटर होतात, १०० इंचीसाठी १९० मिलिमीटर आणि ३.४७ मीटर. ही अंतरं लेन्सच्या साधारण मध्यापासून धरा. जाड लेन्समध्ये चार-पाच मिलिमीटरचा फरक पडतोच, तो प्र. २ च्या फळीवर कळतो.

यातून दोन गोष्टी दिसतात. ६० पासून १०० इंचापर्यंत जायला लेन्स जेमतेम सहा-सात मिलिमीटर सरकते, म्हणून फोकसची नळी लांबलचक करायची गरज नाही. दुसरं म्हणजे पेटीची लांबी लेन्सच्या नाभीय अंतराने ठरते. पेटी खरोखर लहान हवी असेल तर सुतारकाम सुरू करण्याआधी लेन्स बदला. मात्र कमी नाभीय अंतराची लेन्स १२१ मिलिमीटर रुंदीचं पॅनेल कोपऱ्यापर्यंत रेखीव दाखवेलच असं नाही, ते आधी तपासा.

५. जुन्या बाजारातून लेन्स आणली, तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. नाभीय अंतर कसं ओळखू?

दिवसा खोलीतला दिवा बंद करा आणि खिडकीतून दिसणाऱ्या लांबच्या इमारतीचं चित्र समोरच्या भिंतीवर पाडा. ते स्पष्ट झालं की लेन्सच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे जवळजवळ नाभीय अंतर. नीट खात्री हवी असेल तर दुसरी पद्धत: मोबाइलच्या पडद्यावर चौकोन काढा आणि भिंतीवर त्याच मापाचा चौकोन पडेपर्यंत लेन्स व मोबाइल सरकवा. तेव्हा मोबाइल ते भिंत हे अंतर नाभीय अंतराच्या चौपट असतं. ७२० मिलिमीटर आलं तर लेन्स १८० ची.

६. पेटी लहानात लहान किती होईल? आरसा टाकून निम्मी होते का?

निम्मी होत नाही. आरशाने पेटी आखूड होते, लहान होत नाही, आणि हा फरक समजून घेणं महत्त्वाचं आहे.

सरळ मांडणीचा हिशोब करू. पंखा आणि हीटसिंक ११० मिलिमीटर, एलईडी ते मागचं फ्रेनेल ११०, फ्रेनेल-पॅनेल-फ्रेनेल ही थप्पी ३५, तिथून लेन्सच्या मध्यापर्यंत १७५-१८० आणि लेन्सचं पुढे आलेलं नाक ६०. झालं साधारण ४९० मिलिमीटर. रुंदी १५० आणि उंची १३० धरा. तरी ड्रायव्हर आणि कंट्रोलर अजून बाहेरच आहेत.

आता पॅनेलनंतर ९५ मिलिमीटरवर ४५ अंशांत आरसा लावून प्रकाश बाजूला वळवला. लांबी ४०० वर येते, पण रुंदी २०० वर जाते. घनफळ उलट किंचित वाढतं. फायदा असा की पेटीच्या आत प्रकाशाची वाट इंग्रजी एल अक्षरासारखी होते आणि एलच्या बगलेतली रिकामी जागा नेमकी ड्रायव्हर आणि कंट्रोलरच्या मापाची निघते. ती जागा वापरलीत तरच आरशाला अर्थ आहे. नाहीतर सरळ पेटी करा, जुळवायला निम्मा त्रास.

एलईडी आणि मागचं फ्रेनेल यांच्यामध्ये दुसरा आरसा टाकून पेटी तीनशेच्या आसपास आणता येते. मी आणली. पण एलईडी दोन मिलिमीटर हलला की चित्राचा एक कोपरा पिवळट व्हायचा. दोन रविवार त्यात गेले, पुन्हा करणार नाही.

उंचीकडे मात्र कुणी बघत नाही. पॅनेल ६८ मिलिमीटर उंच आणि पेटी १३०, ती का? तर १२० चा पंखा. पेटी बुटकी हवी असेल तर पंखा बदला, बाजूने हवा फेकणारा चपटा ब्लोअर घ्या आणि आवाजाची तयारी ठेवा (प्र. १५).

७. आरसा घरातला चालेल का? आणि किती मोठा?

पॅनेल आणि लेन्स यांच्यामध्ये चालणार नाही. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. काचेचा पुढचा पृष्ठभागही थोडा उजेड परत फेकतो आणि प्रत्येक अक्षराशेजारी फिकट भुताटकी दिसते. पुढच्या पृष्ठावर मुलामा असलेला आरसा लागतो. जुन्या झेरॉक्स मशिनच्या भंगारात याच्या पट्ट्या मिळतात, पण त्या बहुधा अरुंद असतात. जुन्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीतला मोठा आरसा हाती लागला तर सोनं. त्याला बोट लावू नका आणि कॉलिनने तर अजिबात पुसू नका, मुलामा निघतो. हवेच्या पंपाने धूळ उडवायची, बस.

मापाचं म्हणाल तर आरसा जिथे आहे तिथे प्रकाशाचा झोत साधारण ९० मिलिमीटर रुंद आणि ६४ उंच असतो. ४५ अंशांत ज्या दिशेला वळवायचं त्या दिशेचं माप १.४१ पट धरायचं. आडवं वळवताना १२७ × ६४ निघतं. सगळीकडून दहा-बारा मिलिमीटर सोडून मी १५० × ९० चा कापून घेतला.

एलईडी आणि फ्रेनेल यांच्यामधला आरसा असेल तर साधाही चालतो, तिथे चित्र तयार होत नसतं. थोडा उजेड खातो इतकंच.

८. चित्र उलटं पडतंय, आणि अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. डोकं खाली-पाय वर हे लेन्सचं काम, म्हणून पॅनेल नेहमी उलटं बसवायचं. डावं-उजवं हे पॅनेलचं तोंड कुणाकडे आहे यावर ठरतं. सरळ मांडणीत पॅनेलची बघायची बाजू एलईडीकडे हवी. आडवा वळवणारा एक आरसा असेल तर लेन्सकडे. दोन आरसे असले आणि त्यांतला एकच पॅनेलच्या पुढे असला, तर मोजायचा तो एकच, कारण मागच्या आरशातून चित्र जात नाही. पॅनेलची खोबण कापण्याआधी हे फळीवर पाहून घ्या. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये फिरवता येईल या भरवशावर राहू नका, स्वस्त कार्डांत तो पर्याय नसतोही.

९. फ्रेनेलची खरखरीत बाजू कुठे? पॅनेलला चिकटवून ठेवू का?

दोन्ही फ्रेनेलच्या वर्तुळाकार खाचा पॅनेलकडे, गुळगुळीत बाजू बाहेर. जिकडे उजेड समांतर असतो तिकडे खाचा, हे लक्षात ठेवलं की चुकत नाही. चिकटवू मात्र नका. दोन्ही बाजूंनी १० ते १५ मिलिमीटर फट सोडा, एक तर तिथून हवा जाते (प्र. ११) आणि दुसरं म्हणजे खाचा फोकसच्या बाहेर राहतात. फ्रेनेल अगदी जवळ असलं की पडद्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. बसवताना चारी बाजूंना थोडी मोकळीक ठेवा, त्याचं कारण प्र. २२ मध्ये आहे.

१०. पेटी कशाची करू?

सनबोर्डची नको. कापायला लोण्यासारखा, दिसायला छान, म्हणून माझी पहिली खरी पेटी त्याचीच होती. दीड तासाच्या सिनेमात मध्यंतरापर्यंत टिकली, मग एलईडीची बाजू झुकली आणि नायिकेचं कपाळ छतावर गेलं. पीव्हीसीचा तो फोम ७० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि वजन पेलत असेल तर त्याआधीच.

थ्रीडी प्रिंटवाल्यांसाठी तोच इशारा: पीएलए ५५-६० अंशांना नरम होतं, पीईटीजी साधारण ८० पर्यंत तग धरतं, एबीएस शंभराच्या पुढे. लेन्सची कॉलर पीएलएची चालेल, एलईडीजवळचा कंस नाही.

पाट्या करणाऱ्यांकडे एसीपीचे (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलचे) उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. ३ मिलिमीटरचा तो पत्रा ताठ आणि हलका असतो, पण दोन पातळ ॲल्युमिनियम थरांमध्ये प्लास्टिक आहे हे विसरू नका. हीटसिंक त्यावर थेट टेकवायचा नाही.

माझी निवड: बाहेरून ६ मिलिमीटर प्लाय, एलईडीची मागची भिंत ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमची. एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) कड सुबक येते, पण कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ती फुगते आणि पेटी फुगली की चित्राचा कोपरा गेला (प्र. १७). तिकडच्यांनी वॉटरप्रूफ प्लायच घ्यावं. झाकण फेव्हिकॉलने चिकटवू नका, चार स्क्रूंवर ठेवा. पेटी वर्षातून चार वेळा उघडावी लागते, हे मी लिहून देतो.

११. हवेचा हिशोब कसा करायचा? पंखा किती मोठा घेऊ?

इथे अंदाजपंचे चालत नाही आणि हिशोबही सोपा आहे. आत जितके वॉट जातात ते जवळपास सगळे शेवटी उष्णताच होतात. पडद्यावर पोचणारा उजेड हिशोबात धरण्याइतकाही नसतो. एलईडी १०० आणि ड्रायव्हर, कार्ड, पंखे मिळून ३०, असे १३० वॉट धरा. वॉटला तिनाने गुणा आणि बाहेर पडणारी हवा बाहेरच्यापेक्षा किती अंश गरम चालेल त्या आकड्याने भागा. उत्तर तासाला घनमीटरमध्ये येतं. १३० × ३ ÷ १० म्हणजे ३९ घनमीटर, पंख्यावर लिहितात त्या भाषेत साधारण २३ सीएफएम (मिनिटाला घनफूट).

पण पंख्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, हीटसिंकच्या पात्या आणि प्र. १४ मधली वळणं यांतून जाताना निम्मी हवा उरली तर नशीब. म्हणून ४५-५० सीएफएमचा १२० मिलिमीटर पंखा. हवा आत येण्याची भोकं पंख्याच्या तोंडापेक्षा लहान नकोत. जाळीच्या तारा जागा खातात, तेव्हा ती आणखी थोडी मोठीच ठेवा.

दहा अंश का? बहुतेक पॅनेलांची चालण्याची मर्यादा ५० ते ७० अंशांच्या दरम्यान असते. पुण्यात रात्री २८ अंश असतात तेव्हा वाव भरपूर. अकोला, जळगाव, नागपूरकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतात, त्यात दहा मिळवले की ५५, आणि पॅनेल त्याहून गरम. त्या दिवसांत एलईडी ६० वॉटवर चालवा किंवा सिनेमा रात्री बघा. पॅनेल फार तापलं की चित्रात मधून काळा डाग पसरायला लागतो. ताबडतोब बंद केलंत तर थंड झाल्यावर बहुधा मूळपदावर येतं. कौतुकाने बघत बसलात तर येत नाही.

हवेच्या वाटा दोन करा. एक हीटसिंकची, दुसरी पॅनेलच्या दोन्ही फटींतून जाणारी, तिच्यासाठी ६० किंवा ८० मिलिमीटरचा वेगळा लहान पंखा. हीटसिंकवरून आलेली गरम हवा पॅनेलवर सोडणं ही मी इतरांच्या पेट्यांत सर्वांत जास्त पाहिलेली चूक आहे.

१२. पॅनेल वाचवायला आयआर काच (अवरक्त किरण अडवणारी) लागते का?

पांढऱ्या एलईडीला नाही. त्याच्या झोतात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, त्याची उष्णता पाठीमागून हीटसिंकमध्ये जाते. पॅनेल तापतं ते दिसणाऱ्या उजेडानेच, कारण रंगीत एलसीडीतून जेमतेम ५ ते ८ टक्के उजेड पलीकडे जातो आणि बाकीचा बहुतांश तिथेच जिरतो. तरी एलईडीचा कप्पा आणि पॅनेलचा कप्पा यांच्यामध्ये साधी ३ मिलिमीटरची काच मी लावतो, हवा वेगळी ठेवायला. जुन्या पद्धतीने मेटल हॅलाइड दिवा वापरणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना अवरक्त आणि अतिनील दोन्ही अडवणारी काच हवीच.

१३. शाळेतल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरसारखी उभी पेटी केली तर? टेबलावर जागा कमी लागेल.

जागा कमी लागते, खरं आहे. पण एलईडी तळाशी आणि पॅनेल वर, म्हणजे चुलीवर पापड. पंखा चालू असेपर्यंत ठीक, वीज गेली की हीटसिंकमध्ये साठलेली सगळी धग थेट वर पॅनेलकडे जाते. उभीच करायची असेल तर मधली काच (प्र. १२) ऐच्छिक राहत नाही.

१४. हवेच्या भोकांतून उजेड गळतो, छतावर पट्टे पडतात. भोकं बंद केली की तापतं.

हे दुखणं फार जुनं आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडायचे, खेळ सुरू केले, त्या जातीच्या चित्रकंदिलांना दिव्यावर चिमणी असायची आणि तिच्या टोकाला वळण किंवा टोपी. धूर वळतो, उजेड वळत नाही. आपणही तेच करायचं. भोकाच्या आत दोन आडव्या पट्ट्या अशा लावा की हवेला दोनदा काटकोनात वळावं लागेल. त्या आणि पेटीची सगळी आतली बाजू ब्लॅकबोर्ड पेंटने काळी करा. चकचकीत काळा रंग बिनकामाचा. पॅनेल आणि लेन्समधल्या भागात तर काळं मखमली कापड चिकटवा, तिथे भिंतीवरून परतणारा उजेड चित्रातला काळा रंग राखाडी करतो. वळणाची वाट भोकापेक्षा अरुंद करू नका, नाहीतर प्र. ११ चा हिशोब कोसळतो.

१५. पंख्याचा आवाज संवादांवर चढतो.

लहान पंखा वेगाने फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश. १२ व्होल्टचा पंखा ९ व्होल्टवर चालवला की आवाज बराच उतरतो, हवा त्या मानाने कमी घटते. पंखा आणि लाकूड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून घाला. प्लायची पेटी तबल्यासारखी घुमते, तो घुमार यानेच जातो.

१६. धूळ आणि किडे?

पंखा हवा आत ढकलणारा ठेवा, आणि हवा आत येते त्या भोकांवर एसीच्या फिल्टरची जाळी. आतला दाब थोडा जास्त राहिला की फटींतून धूळ आत शिरत नाही. फ्रेनेलवरची धूळ पडद्यावर दिसत नाही, पॅनेलवरचा एक कण मात्र नायकाच्या गालावर तीळ होऊन बसतो. गच्चीवर पावसाळी किड्यांसाठी बाहेर पडणाऱ्या भोकालाही बारीक जाळी हवी. एकदा एक पंखवाली वाळवी पॅनेलवर चालत गेली, पडद्यावर ती वासराएवढी होती आणि पुढच्या रांगेतली मुलं किंचाळत उठली.

१७. मधे चित्र स्वच्छ आहे, पण एक कोपरा नेहमी मऊ दिसतो.

पॅनेल आणि लेन्स समांतर नाहीत. चित्रातला एक ठिपका पॅनेलवर ०.०६ मिलिमीटरचा असतो, एवढ्या बारीक मापात पॅनेलच्या दोन कडांमध्ये अर्धा मिलिमीटर फरक पुरेसा होतो. सुताराच्या गुण्याने एवढी अचूकता येत नाही आणि यायची अपेक्षाही धरू नये. पॅनेल खोबणीत पक्कं बसवा. लेन्स ज्या पाटीवर आहे ती तीन बोल्टवर ठेवा, प्रत्येक बोल्टवर एक स्प्रिंग. मग पडद्यावर जाळीचं चित्र लावून एकेक बोल्ट पाव फेरा फिरवत जुळवा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ते वेगळं, तो लेन्सचा दोष. काळ्या कागदाची चकती लावून लेन्सचं तोंड थोडं लहान करा, उजेडाची किंमत मोजून कोपरे सुधारतात.

१८. फोकसची नळी कशाची?

७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि त्याचाच कपलर. कपलरच्या आतला कठडा कानशीने घासून काढा आणि सरकताना अडावं म्हणून आत फेल्टची पट्टी चिकटवा. वीस मिलिमीटरचा प्रवास पुरतो, का ते प्र. ४ मध्ये आहे.

१९. प्रोजेक्टर टेबलावर, पडदा उंच. वर कलवला की चित्र वरती रुंद होतं.

पेटी कलवू नका, लेन्स सरकवा. पॅनेलशी समांतर राहून लेन्स १० मिलिमीटर वर गेली तर ८० इंची चित्र साधारण १५६ मिलिमीटर वर जातं आणि चौकोन चौकोनच राहतो. अट एकच: पुढचं फ्रेनेलही तितकंच वर सरकवायचं, नाहीतर उजेड लेन्सच्या जुन्या जागीच गोळा होतो आणि चित्राची एक बाजू अंधारते. म्हणून पुढच्या फ्रेनेलची चौकट आणि लेन्सची पाटी यांना उभ्या लांबट खाचा ठेवा. २० मिलिमीटरपुढे मी जात नाही, कडा रंगीत दिसायला लागतात.

२०. वायरिंगमध्ये पेटीच्या दृष्टीने काय सांभाळायचं?

आत २३० व्होल्ट येतात, हे आधी. संगणकाला असतो तसा तीन पिनांचा सॉकेट, फ्यूज आणि धातूच्या प्रत्येक भागाला अर्थिंग: हीटसिंक, ॲल्युमिनियमची भिंत, एसीपी असेल तर तोही. २३० च्या तारा प्रकाशाच्या कप्प्यातून न्यायच्या नाहीत. हीटसिंकवर ७० अंशांना वीज तोडणारा थर्मल स्विच लावून तो ड्रायव्हरच्या २३० व्होल्टच्या बाजूला जोडा. पंख्यांचा पुरवठा या स्विचच्या आधीच वेगळा काढा. स्विच पडल्यावर एलईडी विझला पाहिजे, पंखे नाही. पॅनेलची चपटी केबल दुमडून कडक घडी घालू नका, गोल वळवा. ती आखूड असते, तेव्हा कंट्रोलरची जागा पॅनेलशेजारीच धरा आणि मग बाकीचं ठरवा.

२१. पॅनेलऐवजी जुना मोबाइल ठेवला तर पेटी आणखी लहान होईल ना?

मोबाइल आरपार नाही, त्याच्या मागून उजेड टाकता येत नाही. ओएलईडी पडदा तर स्वतःच उजळतो, उघडूनही उपयोग नाही. बुटांच्या खोक्यात भिंग आणि मोबाइल ठेवून पोस्टकार्डाएवढं फिकट चित्र पडतं, ते लहान मुलांना दाखवायला छान आहे. तसंही आपल्या प्रोजेक्टरकडून अपेक्षा बेताची ठेवा. १०० वॉटच्या एलईडीतून सगळे तोटे वजा जाता पडद्यावर शंभर-दीडशे ल्युमेन (उजेडाचं माप) पोचले तरी खूप. एक तोटा तर भूमितीचाच आहे: गोल झोतात १६:९ चा आयत बसवला की ५४ टक्केच जागा वापरात येते. खोलीत अंधार हवाच.

२२. झाकण उघडं असताना चित्र उत्तम. झाकण लावलं की अर्ध्या तासात बिघडतं. सगळं तपासून झालं.

तीन शक्यता आहेत. झाकणाचे स्क्रू आवळताना पेटी पिळवटत असेल तर बिघाड अर्ध्या तासाने नाही, लगेच दिसतो. तेव्हा आधी वेळ बघा. हळूहळू बिघडत असेल तर उष्णता. त्यातही उजेड मंदावत असेल तर एलईडी तापतोय, प्र. ११ कडे जा.

उजेड तेवढाच, पण फोकस किंवा उजेडाचा गोळा सरकत असेल तर फ्रेनेल बघा. ॲक्रिलिक तापलं की वाढतं. १५० मिलिमीटरचा तुकडा ३० अंशांनी तापला की साधारण ०.३ मिलिमीटर लांबतो. चौकटीत घट्ट बसवलेला असेल तर त्याला जायला जागा नाही, मग तो पापडासारखा फुगतो. थंड झाला की पुन्हा सरळ, म्हणून पेटी उघडून बघणाऱ्याला दोष सापडत नाही. माझे तीन आठवडे यात गेले. चौकटीची खोबण एका मिलिमीटरने मोठी केली, फ्रेनेल फक्त खालच्या कडेवर टेकवलं आणि वरून फोमच्या दोन तुकड्यांनी हलकेच धरलं. झाकण लावून संपूर्ण सिनेमा पाहिला, तो त्या रात्री पहिल्यांदा.